सभेत भांडायचं कसं? राजकीय वादातल्या सभ्यतेची सोपी उकल

लोकसभेतल्या एखाद्या तापलेल्या दिवसाचा अधिकृत वृत्तांत उघडून पाहा. संसदेच्या संकेतस्थळावर तो कुणालाही वाचता येतो. खासदार बोलायला उठतात, दीड वाक्य होतं आणि कंसात शब्द येतो, ‘व्यवधान’. पुन्हा अर्धं वाक्य, पुन्हा ‘व्यवधान’. मधेच शब्दांच्या जागी चांदण्या आणि पानाच्या तळाशी बारीक टीप, की हा भाग कामकाजात समाविष्ट केलेला नाही. काही पानांवर वाक्यं कमी आणि व्यवधान जास्त. कुणीतरी काहीतरी विचारलं होतं एवढं कळतं. त्याला उत्तर मिळालं का, हे पानं उलटूनही कळत नाही.

आपल्याकडेही वेगळं चित्र नाही. जुलै २०२५ मध्ये मुंबईत विधानभवनाच्या लॉबीत दोन आमदारांचे समर्थक एकमेकांच्या अंगावर गेले आणि कायदे जिथे होतात त्या इमारतीतल्या धक्काबुक्कीचे व्हिडिओ दोन दिवस मोबाइलवर फिरत राहिले. त्याआधी डिसेंबर २०२३ च्या अधिवेशनात संसदेतले १४६ विरोधी खासदार निलंबित झाले होते. अशा प्रत्येक वेळी अग्रलेख येतात, ज्येष्ठ मंडळी हळहळतात, ‘सभ्यता राखा’ असं सगळेच म्हणतात. पण सभ्यता राखायची म्हणजे नक्की काय करायचं आणि ती राखायची कुणी, याचा उलगडा फारसा कुणी करत नाही. इथे तो करून बघू.

## ‘सभ्य’ शब्दात सभा आहे

सभ्य म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर हळू बोलणारा, कुणाला न दुखावणारा माणूस येतो. शब्दाचं मूळ वेगळं आहे. ‘सभा’वरून ‘सभ्य’ आला. सभेत बसायला योग्य तो सभ्य. म्हणजे ही चारचौघांत मिळून निर्णय घेण्याची लायकी आहे, स्वभावाचा गोडवा हा तिचा भाग असेलच असं नाही.

जुन्या संसद भवनात लिफ्टजवळ एक संस्कृत वचन लिहिलेलं आहे. आशय असा, की एक तर सभेत जाऊ नये, आणि गेलात तर योग्य तेच बोलावं. जो गप्प राहतो किंवा खोटं बोलतो तो दोषी. गप्प बसणारा आणि खोटं बोलणारा एकाच माळेचे मणी ठरवलेत, हे मला फार आवडतं. सभ्यतेच्या नावाखाली तोंड बंद ठेवणाऱ्यांची सोय त्यात नाही.

कुस्तीचं उदाहरण घ्या. पैलवान शड्डू ठोकतो, समोरच्याला चितपट करायलाच मैदानात उतरतो. तो काही प्रेमानं धोबीपछाड मारत नाही. पण डोळ्यांत बोट घालत नाही, कुस्ती सुटली की पाठीवरून लाथ मारत नाही. कारण तसं केलं तर ती कुस्ती राहत नाही, मारामारी होते, आणि मारामारीत कोण जिंकलं यावरून कोण चांगला पैलवान हे कळत नाही. राजकीय वादातल्या सभ्यतेचं काम एवढंच: भांडण कितीही जोरात होऊ दे, शेवटी कुणाचं म्हणणं खरं, कुणाचं पोकळ, हे बघणाऱ्याला कळलं पाहिजे.

## वाद, जल्प आणि वितंडा

आपण सर्रास ‘वितंडवाद’ म्हणतो. हा शब्द प्राचीन न्यायदर्शनातून आलेला आहे. न्यायदर्शन म्हणजे तर्क कसा करावा याचं शास्त्र. त्यात चर्चेचे तीन प्रकार केलेत. दोघांनाही खरं काय ते शोधायचं असेल तर तो ‘वाद’. म्हणजे ‘वाद घालू नकोस’ असं आपण मुलांना सांगतो, तेव्हा शास्त्राप्रमाणे चांगल्या गोष्टीलाच मना करतो. जिंकणं हेच ध्येय असेल तर तो ‘जल्प’. आणि स्वतःची काही बाजूच नाही, फक्त समोरच्याचं मोडून काढायचं, ती ‘वितंडा’. टीव्हीवरची रात्री नऊची चर्चा यातल्या कुठल्या खणात बसते, ते सांगायला नको.

त्याच शास्त्रात ‘छल’ नावाचा दोष सांगितलाय. समोरच्याच्या शब्दाचा त्याच्या मनात नसलेला अर्थ काढून त्यालाच झोडपणं म्हणजे छल. त्याचं ठरलेलं उदाहरण मोठं गमतीचं आहे. कुणीतरी म्हणतो, ‘या मुलाकडे नव कंबल आहे,’ म्हणजे नवी घोंगडी आहे. संस्कृतात ‘नव’ म्हणजे नवा आणि ‘नव’ म्हणजे नऊसुद्धा. लगेच दुसरा उठतो, ‘कुठायत नऊ? मला तर एकच दिसतेय!’ आज एका तासाच्या भाषणातले अकरा सेकंद कापून मोबाइलवर फिरवले जातात, ती नऊ घोंगड्यांचीच युक्ती आहे. साधनं तेवढी नवी आली.

पण न्यायशास्त्र भाबडं नाही. जल्प आणि वितंडासुद्धा कधी कधी लागतात, असं ते म्हणतं, आणि दृष्टान्त शेतातला देतं: कोवळा कोंब राखायला भोवती काटेरी फांद्यांचं कुंपण घालतात, तसं. काटे कशासाठी, तर आतल्या रोपासाठी. आपल्या सभागृहांत कुंपण अगदी भरभक्कम झालंय. आत काय उगवतंय हे बघायला मात्र फारसं कुणी वाकत नाही.

याच परंपरेतला आणखी एक शब्द आहे, ‘पूर्वपक्ष’. स्वतःचं म्हणणं मांडण्याआधी समोरच्याचं म्हणणं नीट, ताकदीनं मांडायचं, ते पूर्वपक्ष. मग त्याचं खंडन. समोरच्याचं म्हणणं त्याला पटेल अशा शब्दांत मांडता येतं का, ही सभ्यतेची एवढी कडक परीक्षा आहे की मी स्वतः तिच्यात बहुतेकदा नापास होतो.

## नियम काय म्हणतात?

राज्यघटनेनं लोकप्रतिनिधींना बोलण्याचं विलक्षण मोठं स्वातंत्र्य दिलंय. संसदेसाठी कलम १०५ आणि राज्यांच्या विधिमंडळांसाठी कलम १९४. सभागृहात बोललेल्या शब्दाबद्दल कोर्टात खेचता येत नाही. तुम्हीआम्ही नाक्यावर एखाद्यावर आरोप केला तर अब्रुनुकसानीचा खटला होऊ शकतो. आमदारानं तोच आरोप सभागृहात केला तर होत नाही. हेतू उघड आहे. मंत्र्याला, बड्या उद्योगपतीला, कुणालाही न घाबरता प्रश्न विचारता यावा.

एवढी मोकळीक दिल्यावर लगाम सभागृहानं स्वतःच स्वतःला घालायचा, अशी योजना आहे. लोकसभेच्या नियम ३५३ नुसार कुणावर गंभीर आरोप करायचा असेल तर आधी अध्यक्षांना आणि संबंधित मंत्र्याला कळवावं लागतं, म्हणजे मंत्र्याला चौकशी करून उत्तर देता येतं. नियम ३८० नुसार बदनामीकारक, अश्लील, असंसदीय किंवा सभागृहाला न शोभणारे शब्द अध्यक्ष वृत्तांतातून काढून टाकू शकतात. चांदण्या येतात त्या इथून. नियम ३७४ आणि २००१ मध्ये आलेला ३७४-अ हे निलंबनाचे.

‘असंसदीय शब्द’ म्हणजे सभागृहात शोभत नाही असं अध्यक्षांनी ठरवलेला शब्द. जुलै २०२२ मध्ये यावरून बराच गदारोळ झाला होता. लोकसभा सचिवालयाच्या पुस्तिकेत ‘जुमलाजीवी’, ‘बालबुद्धी’ यांच्याबरोबर ‘भ्रष्ट’, ‘ढोंग’ अशा अर्थाचे साधे इंग्रजी शब्दही निघाले. सरकारवर टीका करायला शब्दच उरणार नाहीत, असं विरोधक म्हणाले. लोकसभा अध्यक्ष ओम बिर्ला यांनी खुलासा केला, की कुठल्याही शब्दावर बंदी नाही, आधी काढून टाकलेल्या शब्दांचं ते संकलन आहे आणि अशी संकलनं १९५४ पासून निघतात. खुलासा बरोबरच होता. तरी त्या यादीतून एक गोष्ट कळते: असभ्यता शब्दात कमी आणि वापरात जास्त असते. ‘या योजनेत भ्रष्टाचार झाला, ही पाहा बिलं’ हे कामाचं बोलणं. ‘तुम्ही सगळे भ्रष्ट’ ही नुसती शेरेबाजी. दोन्हीकडे शब्द तोच.

आणि चांदण्यांचा उपयोग तरी काय? पूर्वी वृत्तांतातून शब्द गेला की जवळजवळ गेलाच. काढून टाकलेला मजकूर छापणं हा हक्कभंग ठरू शकतो, असं सर्वोच्च न्यायालयानं १९५८ मध्ये बिहारच्या ‘सर्चलाइट’ वृत्तपत्राच्या प्रकरणात म्हटलं होतं. आता थेट प्रक्षेपण असतं. अध्यक्ष ‘काढून टाका’ म्हणेपर्यंत तो शब्द गावोगावी पोचलेला असतो, आणि काढून टाकला म्हणून जास्त बघितला जातो.

## मग नियम असूनही गोंधळ का?

स्वभावाला दोष देऊन हे कोडं सुटत नाही. हीच माणसं विमानतळावर, लग्नात, विधानभवनाच्या उपाहारगृहात एकमेकांशी हसून बोलतात. सभागृहातच काय होतं?

पहिलं कारण फारसं बोललं जात नाही. १९८५ मध्ये ५२ वी घटनादुरुस्ती झाली आणि पक्षांतरबंदी आली. पक्षानं व्हिप, म्हणजे अमुकच बाजूनं मत द्या असा आदेश काढला आणि तो मोडला, तर सदस्यत्व जाऊ शकतं. आयाराम-गयारामांना आवर घालायचा होता, ते ठीकच. पण त्याचा एक परिणाम बघा. तुम्ही सभागृहात कितीही बिनतोड मुद्दा मांडला, समोरच्या बाकावरच्या माणसाला तो मनापासून पटला, तरी तो तुमच्या बाजूनं मत देऊ शकत नाही. मग आतल्या कुणाला पटवायचा खटाटोप करायचा कशाला? भाषणाचा श्रोता सभागृहाबाहेर गेला. ज्याच्याकडे बघून बोलतोय त्याला पटवायचं नसेल, तर त्याचा अपमान करायला काहीच आडकाठी राहत नाही.

दुसरं कारण कॅमेरा. डायना मुट्झ आणि बायरन रीव्ह्ज या अमेरिकी संशोधकांनी २००५ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. दोन नटांना उमेदवार म्हणून उभं करून त्यांच्या वादाच्या दोन आवृत्त्या चित्रित केल्या. मुद्दे तेच, भूमिका त्याच. एकीत दोघं एकमेकांचं ऐकून घेतात. दुसरीत मधेच तोडतात, डोळे फिरवतात, उसासे टाकतात. दुसरी आवृत्ती पाहणाऱ्यांचा राजकारण्यांवरचा विश्वास घसरला. आणि गंमत अशी, की प्रेक्षकांचं लक्ष तीच जास्त धरून ठेवते. म्हणजे आपण नाकं मुरडत का होईना, पण बघतो तेच. टीव्ही चालवणाऱ्याला आणि राजकारण्याला, दोघांनाही हे पक्कं ठाऊक आहे.

## गोंधळाची मलई कुणाला?

इथे बहुतेकांचा समज उलटा असतो. गोंधळ विरोधक घालतात, म्हणून फायदा विरोधकांचा आणि ताप सरकारला, असं वाटतं. हिशेब मांडून पाहू.

२० सप्टेंबर २०२० रोजी राज्यसभेत कृषी विधेयकं आली. विरोधकांनी मतविभागणी मागितली, म्हणजे कोण बाजूनं आणि कोण विरोधात हे मोजा असं म्हटलं. गदारोळ झाला, आणि विधेयकं आवाजी मतदानानं, म्हणजे ‘हो’ आणि ‘नाही’च्या आरोळ्यांवर मंजूर झाली. दुसऱ्या दिवशी आठ खासदार निलंबित. मग शेतकरी वर्षभर दिल्लीच्या सीमेवर बसले आणि २९ नोव्हेंबर २०२१ रोजी ते कायदे मागे घेणारं विधेयक दोन्ही सभागृहांत चर्चेशिवाय मंजूर झालं. आणताना धड चर्चा नाही, मागे घेताना तर अजिबात नाही. कायदा चांगला होता की वाईट, यावर प्रत्येकाचं मत असेल. पण चूक नेमकी कुठे झाली, हे सरकारला सभागृहात उभं राहून कधी सांगावंच लागलं नाही.

हे एकाच पक्षाचं पाप नाही. फेब्रुवारी २०१४ मध्ये तेलंगण विधेयकाच्या वेळी लोकसभेत एका खासदारानं मिरपुडीचा फवारा मारला. पाचच दिवसांनी ते विधेयक मंजूर झालं तेव्हा सभागृहाचे दरवाजे बंद होते आणि थेट प्रक्षेपणही. सरकार काँग्रेसप्रणीत आघाडीचं होतं. १५ मार्च १९८९ रोजी एका दिवसात ६३ खासदार निलंबित झाले, तेव्हाही काँग्रेसच सत्तेवर होती. आणि डिसेंबर २०२३ मध्ये विरोधी बाकं रिकामी पडलेली असतानाच जुन्या फौजदारी कायद्यांची जागा घेणारी तीन विधेयकं संमत झाली. तुमच्याआमच्या अटकेपासून जामिनापर्यंत सगळं ठरवणारे हे कायदे.

गोंधळात प्रश्न बुडतो, आणि प्रश्न बुडाला की सुटतो तो उत्तर द्यायचं असलेला. परीक्षेच्या दिवशी शाळेला अचानक सुट्टी मिळाली तर आनंद कुणाला होतो, ते आठवा.

## ‘पण शांत राहून कोण ऐकतं?’

हा आक्षेप खोडून काढण्यासारखा नाही. २०१० चं हिवाळी अधिवेशन टूजी स्पेक्ट्रम वाटपाच्या प्रकरणी संयुक्त संसदीय समितीच्या मागणीवरून जवळजवळ पूर्ण वाया गेलं, आणि पुढच्या फेब्रुवारीत सरकारला ती समिती नेमावी लागली. अडवणुकीला फळ येतं, हे तेव्हाच्या विरोधकांनी पाहिलं, आणि सत्ता गेल्यावर दुसऱ्यांनीही तोच कित्ता गिरवला.

याहून खोल आक्षेप असा: सभ्यता ही बलवानांची सोय आहे. ज्याचं पोट भरलंय तो भुकेल्याला म्हणतो, जरा नीट बोल. इतिहासात याला भक्कम आधार आहे. अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहानं १८३६ मध्ये ठरवलं, की गुलामगिरीविरुद्धचे अर्ज आले तर चर्चा न करता बाजूला ठेवायचे. विषय निघाला की सभागृहाची शांतता बिघडते ना! माजी राष्ट्राध्यक्ष जॉन क्विन्सी अॅडम्स तेव्हा सभागृहाचे सदस्य होते. ते आठ वर्षं या नियमाशी भांडत राहिले, तेव्हा कुठे १८४४ मध्ये तो गेला. त्या शांततेची किंमत मोजली कुणी, हे वेगळं सांगायला नको.

आपल्याकडे जोतिराव फुल्यांना १८८५ मध्ये मराठी ग्रंथकारांच्या सभेचं निमंत्रण आलं. त्यांनी पत्र लिहून ते धुडकावलं आणि त्या सभांना ‘घालमोड्या दादां’च्या सभा म्हटलं. शब्द झोंबरा आहे, आणि तो झोंबावा म्हणूनच लिहिला. पण पत्रात कारण आहे: जे लोक माणसाला माणसाचे हक्क देत नाहीत, त्यांच्या सभांशी आमच्या सभांचा मेळ बसणार नाही. याला असभ्य म्हणाल? मी नाही म्हणणार. कुठल्या सभेत बसायचं नाही हे कारण देऊन सांगणं, हेही सभ्यपणातच बसतं.

तेव्हा कठोर आणि असभ्य यांत गल्लत नको. १९६३ मध्ये राममनोहर लोहियांनी लोकसभेत थेट पंतप्रधान नेहरूंवर तोफ डागली. देशातले २७ कोटी लोक रोज तीन आण्यांवर जगतात आणि पंतप्रधानांवर रोज २५ हजार रुपये खर्च होतात, असा आरोप. याहून बोचरं काय असतं? नेहरूंनी नियोजन आयोगाचा आकडा पुढे केला, तीन नव्हे, पंधरा आणे. मग सरासरी कशी काढली, श्रीमंतांचं उत्पन्न मिसळल्यावर गरिबाचं कसं झाकलं जातं, यावर संसदेत खल झाला. गरिबी मोजायची कशी हा प्रश्न देशासमोर आला तो असा, सभागृहातल्या भांडणातून. आकड्याला आकड्यानं उत्तर मिळालं म्हणून.

त्याच्या सहा वर्षं आधी फिरोज गांधींनी आयुर्विमा महामंडळानं हरिदास मुंदडाच्या कंपन्यांत पैसा कसा घातला, हे लोकसभेत मांडलं. ते सत्ताधारी पक्षाचे खासदार आणि पंतप्रधानांचे जावई. चौकशी झाली मुंबईत, न्यायमूर्ती एम. सी. छागलांपुढे, उघड्यावर. अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारींना १९५८ मध्ये पद सोडावं लागलं. कागदपत्रांनी जे केलं ते शिव्यांनी झालं नसतं.

एक सीमारेषा इथेच आखून ठेवू. एखाद्या समाजाविरुद्ध द्वेष पेटवणारं भाषण असभ्यतेच्या खात्यात टाकायचं नसतं. तो गुन्हा आहे, आणि त्यासाठी भारतीय न्याय संहितेचं कलम १९६ आहे. ‘भाषा जरा घसरली’ असं म्हणून त्यावर पांघरूण घालणं, ही गल्लत हल्ली मुद्दाम केली जाते.

## ‘पूर्वीचे नेते किती सभ्य होते!’

अर्धं खरं. १९९४ मध्ये जिनिव्हाला मानवी हक्क आयोगासमोर भारताची बाजू मांडायला नरसिंह रावांनी विरोधी पक्षाचे वाजपेयी पाठवले, हे खरंच. पण संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात आचार्य अत्र्यांच्या ‘मराठा’ दैनिकाची भाषा काय होती, हे ज्यांनी जुने अंक चाळलेत त्यांना विचारा. आज ती वाचून हसू येतं, कारण ज्यांना झोंबली ते उरलेले नाहीत.

आणि काही असभ्यता तेव्हा असभ्यता वाटतच नव्हती. मंत्र्याला किंवा अधिकाऱ्याला बांगड्यांचा आहेर करणं हा आपल्याकडचा जुना, सर्वपक्षीय आंदोलनप्रकार. त्यात अपमान नक्की कुणाचा होतो? बांगड्या घालणाऱ्या निम्म्या मतदारांचा. महिला आंदोलकांच्याच हातून तो आहेर देववला जातो, तेव्हा तर काय बोलावं कळत नाही.

## वस्ताद कुठे बघतो?

आता सुरुवातीचा दुसरा प्रश्न, सभ्यता राखायची कुणी, म्हणजे नेतृत्वाचा. बहुतेक पुढारी सभ्यतेची अपेक्षा समोरच्याकडून करतात. ‘आधी त्यांना सांगा’ हे वाक्य तर पाठच असतं. तालमीतला वस्ताद काय करतो बघा. कुस्ती चालू असताना त्याचा पठ्ठ्या वावगं वागला, तर वस्ताद आपल्याच पठ्ठ्यावर ओरडतो. समोरच्या पैलवानाला शिस्त लावणं त्याच्या हातातही नसतं.

माझ्या पाहण्यातला एक प्रसंग सांगतो. आमच्या इमारतीची सर्वसाधारण सभा, विषय गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचा. प्लास्टिकच्या खुर्च्या, माइक खरखरतोय, खजिनदारांच्या मांडीवर बिलांची फाइल. एक निवृत्त शिक्षिका उठून म्हणाल्या, तीनऐवजी एकच कोटेशन का मागवलं? चेअरमनच्या गोटातले एक गृहस्थ बसल्या जागेवरून ओरडले, ‘तुमचा फ्लॅट भाड्यानं दिलाय, तुम्हाला काय फरक पडतो!’ हशा पिकला. बाई बसायला लागल्या. चेअरमननी माइक तोंडाजवळ घेतला. ‘त्यांचा फ्लॅट राहू द्या बाजूला. एकच कोटेशन का, असं विचारतायत त्या. घाई झाली, चूक आमची. आणखी दोन मागवतो.’ सभा पुढच्या विषयावर गेली. ओरडणाऱ्या गृहस्थांनी मात्र चेअरमनशी चार महिने अबोला धरला.

तो अबोला हीच खरी किंमत, आणि नेते नेमके तीच टाळतात. १० ऑक्टोबर २००८ रोजी अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार जॉन मॅकेन यांच्या मिनेसोटातल्या सभेत एक बाई प्रतिस्पर्धी ओबामांबद्दल म्हणाल्या, माझा त्यांच्यावर विश्वास नाही, ते अरब आहेत. मॅकेन यांनी त्यांच्या हातून माइक घेतला आणि सांगितलं, नाही, ते सज्जन, कुटुंबवत्सल नागरिक आहेत, माझे त्यांच्याशी मूलभूत मतभेद आहेत, एवढंच. त्या दिवशी त्यांच्याच सभेत त्यांची हुर्यो झाली. (‘अरब’च्या विरुद्ध ‘सज्जन’ कसं, हा प्रश्न पुढे अनेकांनी विचारला, तो रास्तच आहे.) निवडणूक ते हरले. सभ्यतेनं मतं वाढतात असं कुणी सांगत असेल तर सांगू दे, मला तशी खात्री नाही.

सभागृहात वस्तादाच्या बरोबरीनं पंचही लागतो. तो म्हणजे अध्यक्ष. ब्रिटनमध्ये अध्यक्ष झालेला माणूस पक्ष सोडतो. आपल्याकडे नीलम संजीव रेड्डींनी १९६७ मध्ये तसं केलं, पण तो पायंडा पडला नाही. सोमनाथ चटर्जींनी २००८ मध्ये पक्षानं सांगूनही अध्यक्षपद सोडलं नाही, तेव्हा पक्षानं त्यांना काढलं. उपाध्यक्षपद विरोधकांना देण्याचा संकेत आहे. सतराव्या लोकसभेत, २०१९ ते २०२४, ते पद पाचही वर्षं रिकामं राहिलं. पंच समोरच्याच संघाचा आहे असं वाटलं की खेळाडू त्याच्या शिट्टीकडे लक्ष देत नाहीत.

आणि पंचाच्या शिट्टीलाही मर्यादा आहे. ५ जुलै २०२१ रोजी महाराष्ट्र विधानसभेत तालिका अध्यक्षांशी, म्हणजे अध्यक्षांच्या जागी कामकाज चालवणाऱ्या सदस्याशी, गैरवर्तन केल्याच्या ठपक्यावरून भाजपचे १२ आमदार वर्षभरासाठी निलंबित झाले. २८ जानेवारी २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयानं ते रद्द केलं. निलंबन चालू अधिवेशनापुरतंच करता येतं, वर्षभर मतदारसंघ प्रतिनिधीविना ठेवता येत नाही, असं न्यायालयाचं म्हणणं. शिक्षा आमदाराला होते तशी त्याच्या मतदारांनाही होते, हे त्यामुळे स्पष्ट झालं.

## सतरा डिसेंबरची दुपार

१९४६ चा डिसेंबर. संविधान सभेत नेहरूंचा उद्दिष्टांचा ठराव चर्चेला होता. मुस्लिम लीग सभेवर बहिष्कार टाकून बाहेर होती. कायदेपंडित मुकुंदराव जयकरांनी दुरुस्ती सुचवली, की लीग आणि संस्थानं येईपर्यंत ठराव लांबणीवर टाका. सभेत काँग्रेसचं प्रचंड बहुमत, त्यामुळे जयकरांवर टीकेची झोड उठली. १७ तारखेला सभेचे अध्यक्ष राजेंद्रप्रसादांनी अचानक डॉ. आंबेडकरांचं नाव पुकारलं. आपल्याआधी वीस-बावीस नावं आहेत, पाळी उद्या येईल, असं ते धरून चालले होते.

आंबेडकर म्हणजे काँग्रेसचे कडवे टीकाकार. १९४५ मध्येच त्यांनी काँग्रेसवर जहाल ग्रंथ लिहिला होता. त्या दिवशी त्यांनी जयकरांची बाजू घेतली. ठराव मंजूर करायचा तुम्हाला अधिकार आहे, यात प्रश्नच नाही. तसं करणं शहाणपणाचं आहे का, असं त्यांनी विचारलं. घोषणा बाजूला ठेवू, लोकांना भिववणारे शब्द बाजूला ठेवू, विरोधकांच्या पूर्वग्रहांनाही थोडी सूट देऊ, म्हणजे ते आपण होऊन बरोबर चालतील, असा त्यांच्या बोलण्याचा आशय. जी सभा जयकरांवर तुटून पडली होती, तिनं हे ऐकून घेतलं. ठरावावरचं मतदान पुढे गेलं.

लीग आली नाही. २२ जानेवारी १९४७ रोजी ठराव तिच्याविनाच मंजूर झाला.

पुढे फाळणीमुळे आंबेडकरांची बंगालमधली जागा गेली. ३० जून १९४७ रोजी राजेंद्रप्रसादांनी मुंबईचे मुख्यमंत्री बाळासाहेब खेरांना पत्र लिहिलं, की आंबेडकरांना तातडीनं मुंबईतून निवडून पाठवा. त्यासाठी एक जागा रिकामी होती. ती जयकरांनी राजीनामा देऊन सोडलेली होती.